डांगराला पहिली सुरी

ऑक्टोबर उतरणीला लागला की नाशिकमध्ये सकाळी जरा गारवा येतो, दुपारी ऊन पुन्हा डोकं वर काढतं आणि घराघरांतून भाजणीचा वास सुटतो. मला मात्र या दिवसांत आणखी एक वास येतो, कच्च्या डांगराचा. लाल भोपळ्याला आमच्याकडे डांगर म्हणतात. अख्खं डांगर कापलं की आधी काकडीसारखा थंड वास येतो, मागून मातीचा आणि मग कुठे गोडसर. भाजी, घारगे, भरीत, काहीही करा, मला डांगर आवडतं. पण बाजारात कुणी नवं डांगर फोडत असलं की मी पुढच्या गाळ्याकडे सरकते. आमची भाजीवाली आता ओळखते, ती फोड आधीच कापून कागदात गुंडाळून ठेवते.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस आली. महिनाअखेरीला क्लबहाऊसमध्ये हॅलोवीन, मुलांनी भुताखेतांचे कपडे घालून यावे, उत्तम पोशाखाला बक्षीस, मोठ्यांसाठी डीजे. नोटीस टाकणारे आमचे सेक्रेटरी काका. खाली त्यांनी हसऱ्या भोपळ्यांची चित्रंही टाकली होती. मी फोन पालथा ठेवला आणि भाजणी चाळायला बसले. चाळणी अशी काही आपटली की यांनी पेपरातून डोकं बाहेर काढून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, कोंडा फार निघतोय.

हॅलोवीन आमच्या सोसायटीत पहिल्यांदा मी केलं. मी म्हणजे आम्ही दोघींनी, मी आणि गायत्रीने. पण हे 'दोघींनी' पुढे फार दिवस टिकलं नाही, म्हणून आधी 'मी' लिहिलं गेलं.

तेव्हा माझ्याकडे दुपारची मुलं असायची. शाळेची व्हॅन मुलांना गेटशी सोडायची आणि आईबाप संध्याकाळी नोकरीवरून परत येईपर्यंत ती माझ्या हॉलमध्ये असायची. कुणी त्याला पाळणाघर म्हणायचं, कुणी वंदूमावशीचा क्लास. मी त्याला काहीच म्हणत नव्हते. सतरंजी टाकायची, वरणभात भरवायचा, घटकाभर निजवायचं आणि उठल्यावर हाताला काहीतरी काम द्यायचं. पोळ्याला मातीचे बैल, संक्रांतीला पतंगी कागदाच्या शेपट्या, दिवाळीला आकाशकंदील. मैद्याची खळ पातेलंभर शिजवून ठेवायची, गोंदापेक्षा ती बरी, पोटात गेली तरी काही होत नाही, आणि ती पोटात जायचीच. यांची एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीची ड्यूटी, माझी लेक मनवा शाळेत. रिकामं घर मला खायला उठायचं, ते या मुलांनी भरून टाकलं होतं.

गायत्री समोरच्या दारात राहायची. ती घरून कंपनीचं काम करायची, कानात सतत काहीतरी घातलेलं, तोंडाने इंग्रजी आणि हाताने पोळ्या. काम सरलं की ती बेल न वाजवता माझ्याकडे यायची आणि ओट्यावर चढून बसायची. तिचं माहेर लांब, माझं माहेर मखमलाबादला, गोदेपलीकडे, पण तिच्याइतकं जवळ मला माहेरही वाटत नव्हतं. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज गाडी काढून मला नेणारी तीच. बहिणीलाही सांगितलं नसतं असं बरंच काही मी तिला सांगितलेलं होतं. तिचा ईशान बालवर्गात होता. दुपारी झोपताना त्याला माझ्या पदराचं टोक मुठीत लागायचं, आणि तो झोपल्यावर मुठीतून पदर सोडवायचा नाही हा मीच मला घालून घेतलेला नियम होता. भाजी निवडायची तर मी त्याच्या शेजारी बसून निवडायचे.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात होती. गायत्रीची नणंद अमेरिकेत, तिने तिकडच्या हॅलोवीनचे फोटो पाठवलेले. गायत्री फोन घेऊन आली आणि म्हणाली की आपल्या मुलांसोबत हे करू या, तुझे हात आणि माझं डोकं. माझ्या हातांना आग्रह करावा लागत नाही. फोटोत कागदाची वटवाघळं होती, लोकरीचे कोळी होते, चिंध्या गुंडाळलेल्या बाटल्या होत्या. मी म्हटलं, हे तर सगळं आपल्याकडे माळ्यावर पडलेलं आहे.

वटवाघळांना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे हवे होते. ट्रेचे तीन खळगे कापायचे, मधला अंग आणि बाजूचे दोन पंख, वर काळा रंग. मी सोसायटीत ट्रे मागितले आणि काय सांगू, ज्यांच्या दारात रोज गोपद्मं निघत त्यांच्याकडूनही पेपरात गुंडाळून, पिशवीत घालून, पोराच्या हाती ट्रे आले. कोण अंडी खातं आणि कोण चोरून खातं हे मला त्या आठवड्यात कळलं. मी ते कुणाला सांगितलं नाही, गायत्रीला सोडून. आम्ही दोघी ओट्यापाशी पोट धरून हसलो होतो.

मुलं हॉलभर पसरलेली असायची. लोकरीचा गुंडा पायात यायचा. पिस्त्याच्या टरफलांना पाय चिकटवून कोळी व्हायचे. यांच्या जुन्या पंच्यांना डोळ्यांची भोकं पाडली आणि त्यांची भुतं झाली, पंचे आखूड असल्यामुळे सगळ्या भुतांचे गुडघे दिसायचे. रेवा नावाची एक मुलगी स्वतःच केलेल्या वटवाघळाला घाबरली. त्याला कपाटात ठेव म्हणाली, कपाटात ठेवलं तर ते अंधारात घाबरेल म्हणून रडली. शेवटी ते वटवाघूळ माझ्या उशाशी राहिलं. एकाने विचारलं की भुतांना दिवाळीची सुट्टी असते का. मी म्हटलं, असते, पण गृहपाठ करावा लागतो.

खाऊसुद्धा मुलांनीच केला. केळ्याचे उभे अर्धे तुकडे करून त्यांना मनुक्यांचे डोळे लावले, झालं भूत. नाशिकला मनुक्यांची काय कमी. चकलीचं पीठ जरा जास्त मळून त्याचे बारीक वळवटे केले, मधे गोळी ठेवून आठ पाय लावले आणि कोळी तळले. तेलात गेले की त्यांचे दोन-तीन पाय गळायचे, मुलं ते पाय आधी खायची. सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, घरात होती, तिचं पीठ गुळात भिजवून वटवाघळाच्या आकाराची बिस्किटं भाजली. नागली मुळातच काळपट, रंग घालावा लागला नाही. एरवी नागलीला नाकं मुरडणारी मुलं भुताची म्हणून ती मागून मागून खात होती. गायत्री दारात उभी राहून फोटो काढत होती आणि म्हणत होती की तिकडच्यांनी बघावं, आपण काय करतोय ते.

राहिलं डांगर. ते मखमलाबादहून आलं. माझ्या भावाचा भाजीचा मळा आहे, त्याने मोटरसायकलवर मागे पोत्यात बांधून चांगलं मोठं, बसकं, गडद डांगर आणलं आणि हॉलमध्ये ठेवताना म्हणाला, "पहिली सुरी दाजींना लावू दे बरं का. आईनं लय बजावून सांगितलंय."

आमच्याकडे अख्खं डांगर किंवा कोहळा बाईने कापायचा नाही. पहिला चिरा घरातल्या पुरुषाने द्यायचा, मग बाईने हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. डांगर म्हणजे थोरला मुलगा असं मानतात, आणि आईने मुलावर सुरी कशी चालवायची. माझ्या आईने आयुष्यभर विळ्याने वेलावरची डांगरं तोडली, टोपल्या भरभरून बाजारात नेली, पण घरात भाजीला डांगर घेतलं की ती थांबायची. वडील मळ्यात लांब असले की वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची. कुणीच नसलं तर ती डांगर कमरेइतकं उचलायची आणि दगडी पायरीवर सोडून द्यायची. आम्ही हसलो की शांतपणे सांगायची, "म्या कुठं कापलं? ते पडलं आन् फुटलं."

आईच्या या युक्तीचं मला फार कौतुक होतं. रीतही मोडायची नाही आणि जेवणही अडायचं नाही. पण तोंडाचं डांगर करायचं तर ते पायरीवर टाकून चालणार नव्हतं. वरून टोपी कापायची, आतलं कोरायचं, डोळे-नाक-दात काढायचे. हे पहिल्या पाळीला गेलेले, घरी यायला वेळ होता. वॉचमन जेवायला गेलेला. मुलं पंचे पांघरून डांगराभोवती गोल करून बसली होती आणि एवढा वेळ गप्प बसणं त्यांच्याने होत नव्हतं. मी गायत्रीला सांगितलं की हे येईपर्यंत थांबू. आईच्या पायरीचीही गोष्ट सांगितली. ती खूप हसली. तिने माझ्याच स्वयंपाकघरातून मोठी सुरी आणली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अगं, काप. आपल्या आयांचं ओझं आपण किती दिवस डोक्यावर घेऊन फिरायचं?"

मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते आधीपासूनच पटलेलं होतं, फक्त कुणीतरी शेजारी उभं राहून म्हणायला हवं होतं. मी सुरी देठाजवळ रोवली. ती आधी आत जाईना, मग एकदम गेली, आणि तो थंड वास हॉलभर पसरला. मुलांनी हात कोपरापर्यंत आत घातले. बियांचा गुळगुळीत गुंता त्यांच्या बोटांतून निसटत होता आणि किंचाळ्या मात्र आनंदाच्या होत्या. मी डोळा कोरायला लागले तेव्हा ईशानने माझं मनगट धरलं आणि विचारलं, त्याला दुखतंय का. मी म्हटलं, नाही रे, त्याला आता दिसायला लागेल. तो बराच वेळ त्या भोकातून आत बघत बसला. बिया धुऊन, मीठ लावून तव्यावर भाजल्या आणि डांगराचा गर मी घारग्यांसाठी ठेवला.

ती संध्याकाळ आठवली की मला अजूनही आधी हसूच येतं. पार्किंगमधले दिवे थोडा वेळ बंद केले, डांगरात तेलाची पणती ठेवली. वर सगळ्या बाल्कन्यांत आकाशकंदील आणि खाली ते दात विचकणारं डांगर. गुडघे दिसणारी भुतं दारोदार गेली. लोकांना कळेना की भुतांना काय द्यायचं असतं. घराघरांत फराळ तळला जात होता, त्यांनी तोच दिला. चिवडा, शंकरपाळी, एके ठिकाणी अर्धवट झालेला अनारसा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर मुलींच्या कपाळाला कुंकू लावून पाठवलं. सेक्रेटरी काकांनी स्वतः बेसनाचा लाडू देऊन भुताला विचारलं होतं, तू कोणाचा रे. गायत्रीने माझ्या खांद्यावर हात टाकला होता. असं वाटत होतं की दरवर्षी हे करावं.

आता मॉलमध्ये प्लॅस्टिकचे भोपळे टांगलेले असतात. आत बॅटरीचा दिवा, बटण दाबलं की ते खदाखदा हसतात. कोळी पाकिटात मिळतात, त्यांचे पाय गळत नाहीत. खळ नको, कात्री नको, कुणाचा हात चिकट व्हायला नको. मनवा म्हणते, आई, तू उगाच चिडतेस, लोकांना वेळ नसतो. वेळ नसतो हे मलाही कळतं. पण चिडायला मला वेगळं कारण आहे, ते तिलाही ठाऊक आहे, म्हणून ती विषय बदलते.

त्या संध्याकाळनंतर दोन दिवसांनी ईशानला ताप आला. पावसाळा सरला की नाशिकमध्ये ताप घरोघर असतो, आधी तसाच वाटला. मग डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला आणि त्याला दवाखान्यात ठेवलं. गायत्रीच्या सासूबाई चांदवडहून तातडीने आल्या. मी मुगाचं कढण करून डबा घेऊन गेले. सासूबाईंनी तो दारातच घेतला, आत या म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा माझ्या दाराशी ठेवलेला होता. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. हा डबा भरलेलाच परत आला होता, माझंच कढण जसंच्या तसं, वर साय धरलेलं. मी ते बेसिनमध्ये ओतलं आणि मनाची समजूत घातली की पोराला दवाखान्यातलंच खायला सांगितलं असेल.

मग दिवाळीच्या कार्यक्रमाची मीटिंग झाली, पार्किंगमध्येच, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. रांगोळी आणि फटाक्यांचं बोलून झाल्यावर सेक्रेटरी काकांनी घसा साफ केला. सोसायटीत भुताखेतांचे खेळ झाले, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुलांच्या मनावर परिणाम होतो, तक्रारी आल्या आहेत. इथवर मी हसून घेतलं. मग गायत्रीच्या सासूबाई बोलल्या. त्या रागाने बोलल्या नाहीत, रडत बोलल्या. एकुलता एक नातू दवाखान्यात आहे, आणि मला आता कळतंय की बाईमाणसाने अख्खं डांगर कापलं, तेही लेकरांना भोवती बसवून. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे डास सोडून डांगराला झाली, हे मला तेव्हा सुचलं असतं तर मी म्हटलं असतं. पण मी गायत्रीकडे बघत होते.

ती दवाखान्यातून तासाभरासाठी कपडे घ्यायला घरी आली होती आणि सासूबाईंच्या शेजारी बसली होती. चेहरा ओढलेला, केस विंचरलेले नाहीत. मला तिची दया येत होती, आणि तरी मला तिच्याकडून एकच वाक्य हवं होतं. मीच तिला काप म्हटलं. बस, एवढं. तिच्या तोंडून ते आलं असतं तर ते खुळचट प्रकरण तिथेच संपलं असतं, कारण सोसायटीत इंग्रजी बोलणाऱ्या बाईला कुणी अंधश्रद्धा शिकवायला जात नाही. सेक्रेटरी काकांनी तिला विचारलंही, की तुम्हीही तिथे होतात ना. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तिला नको म्हणत होते. पण तिनं ऐकलं नाही."

ती गप्प राहिली असती तरी मी समजून घेतलं असतं. घाबरलेलं माणूस गप्प बसतं. पण तिने माझं वाक्य उचलून स्वतःच्या तोंडात घातलं आणि तिचं माझ्या. नको म्हणणारी मी होते. मी तिथेच उठून खरं काय ते सांगू शकले असते. पण जिचं मूल दवाखान्यात आहे तिच्याशी भर सभेत भांडायचं कसं, हे मला माझ्या आईने शिकवलेलं नव्हतं. मी खुर्ची सरकवून घरी आले.

ईशान बरा होऊन घरी आला. समोरचं दार उघडायचं आणि बंद व्हायचं, त्याचे पाय जिन्यात वाजायचे. एकदा तो धावत माझ्या दाराशी आला तर आतून आजीची हाक आली आणि तो वळला. बाकीची मुलं हळूहळू कमी झाली. कुणीही तोंडावर काही बोललं नाही, त्या बाबतीत आमची सोसायटी फार सुसंस्कृत. एकाला गणिताचा क्लास लावला, एकीची आजी गावाहून राहायला आली, एकाला अचानक शाळेतच दुपारी थांबवायची सोय झाली. रेवाची आई वटवाघूळ परत न्यायला आली, निदान ती खरं कारण सांगून गेली, सासरी कळलंय म्हणाली. नवीन वर्ष लागेपर्यंत हॉलमधली सतरंजी मी गुंडाळून ठेवली. दुपारी एकटीने जेवताना व्हॅनचा हॉर्न ऐकू आला की माझा हात अजूनही भाताच्या पातेल्याकडे जायचा.

विश्वासघात हा शब्द मोठा आहे. तो राजकारणात, इतिहासात शोभतो, एका डांगरापायी वापरताना मलाच अवघडल्यासारखं होतं. केसाने गळा कापला म्हणावं, तर तिने केसाचीही तसदी घेतली नाही. मी पुष्कळ दिवस शोधलं की मला नेमका राग कोणाचा येतो. सासूबाईंचा येत नाही. त्या घाबरल्या होत्या आणि जे लहानपणापासून ऐकलं होतं ते त्या मनापासून मानत होत्या. माझी आईही मानते. ज्याची श्रद्धा असते त्याच्याशी वाद घालता येतो, पायरीवर डांगर सोडून हसता येतं. सेक्रेटरी काकांचाही राग येत नाही, ते वारा येईल तशी पाठ फिरवतात, त्या वर्षी भुतांना लाडू देऊन आठवड्यात त्यांनी भुतांवर बंदी आणली आणि आता भुतांना बक्षीस देत आहेत. मला राग येतो तो जिची त्यावर काडीचीही श्रद्धा नव्हती तिचा. तिने ती रीत हसून माझ्या हातून मोडवली आणि गरज पडल्यावर तीच रीत उचलून माझ्यावर धरली.

त्यात गंमत अशी, की रीत न मानणारी मी आता ती पाळते. गेल्या कित्येक वर्षांत मी अख्ख्या डांगराला सुरी लावलेली नाही. हे घरी येईपर्यंत थांबते. हे मुकाट्याने एक चिरा देतात आणि काही विचारत नाहीत. माझा विश्वास बसलाय असं नाही. पण हातात सुरी घेतली की ती मीटिंग आठवते आणि हात मागे येतो. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, बरं झालं, अक्कल आली. तिला सगळी हकीकत मी कधी सांगितली नाही.

गायत्री पुढे गंगापूररोडच्या बाजूला राहायला गेली. जाताना सामानाचा ट्रक खाली उभा असताना ती आली होती, गळ्यात पडून रडली होती, येत जा म्हणाली होती. मी हो म्हटलं होतं. नंतर ओळखीच्यांकडून कळायचं की तिने नोकरी सोडली, एका बालवाडीत काम करते, सणांचे कार्यक्रम बसवते आणि फार कल्पक आहे. कल्पक हा शब्द ऐकून मी एकदा ताक घुसळताना रवी मोडली. तिच्याबद्दल मी माझ्यापुरतं एक उत्तर करून ठेवलं होतं, की ती विसरली असेल. माणसं स्वतःचं खोटं इतक्यांदा घोकतात की तेच त्यांना खरं वाटायला लागतं. तिला आता खरंच वाटत असेल की ती नको म्हणाली होती. या उत्तराने मला बरीच वर्षं थोडी शांत झोप दिली.

नोटीस आली त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली. आधी फोन केला, मग आली. पिकलेले केस तिने रंगवले नव्हते, ते मला आवडलं. मी चहा टाकला. ईशान सहावीत आहे म्हणाली, उंच झालाय, फुटबॉल खेळतो, लहानपणचं त्याला काही आठवत नाही. मी म्हटलं, कसं आठवेल. मग ती कामाचं बोलली. तिच्या बालवाडीत हॅलोवीन करायचं आहे, प्लॅस्टिकचे भोपळे नकोत, मुलांनी खऱ्याला हात लावायला हवा, तर तुझ्या भावाच्या मळ्यात छोटी डांगरं मिळतील का. भावाला विचारते म्हटलं. मग तिला एकेक आठवायला लागलं. पेपरात गुंडाळलेले अंड्यांचे ट्रे, पाय गळालेल्या चकल्या, भुतांचे गुडघे. तिला सगळं आठवत होतं, माझ्यापेक्षाही नीट. मीही हसले. किती दिवसांनी त्या आठवणीत माझ्यासोबत कुणीतरी होतं.

हसता हसता ती म्हणाली, "आणि तू किती घाबरली होतीस गं डांगर कापायला. मीच म्हटलं ना तुला, काप म्हणून. सुरीसुद्धा मीच हातात दिली."

हेच ते वाक्य. शब्दाला शब्द तेच. पार्किंगमधल्या खुर्च्यांसमोर मला ते हवं होतं, ते आत्ता माझ्या स्वयंपाकघरात आलं होतं, आणि घरात आम्ही दोघीच होतो. ती काहीही विसरलेली नव्हती. मी गॅस बारीक केला आणि विचारलं, "मग त्या मीटिंगमध्ये तसं का बोललीस?"

ती खोटं बोलली नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. तिने हातातला फोन खाली ठेवला. म्हणाली की सासूबाई दिवसभर एकच विचारत होत्या, कापायला कोणी सांगितलं, आणि तिचं नाव आलं असतं तर त्या घरात तिला राहणं कठीण झालं असतं. पोराची ती अवस्था, नवरा आईच्या बाजूने, कुणावर तरी ते जाणारच होतं. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाली, "दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायची माझी हिंमत नव्हती गं. तुझं घेतलं, कारण मला माहीत होतं, तू समजून घेशील."

चहा उतू गेला, मी पुसून घेतला. इतकी वर्षं मी समजत होते की त्या दिवशी तिने मला परकी मानलं. तसं नव्हतं. अख्ख्या सोसायटीत तिचा विश्वास फक्त माझ्यावर होता.